नाव नंतर

घारे सरांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य म्हणजे, ‘मॅडम, बाजूला व्हा, लागेल.’ मी बाजूला झाले आणि माझ्या कानाजवळून एक आख्खं क्रीडासंकुल गेलं. पुठ्ठ्याचंच होतं, पण खाली जाड प्लायवूड होतं, आणि ते जिन्याच्या कठड्यावर आपटून दुभंगलं. ज्याचं होतं तो आर्किटेक्ट खालच्या पायरीवर उभा होता. स्पर्धेच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं असताना त्याने प्लायवूडच्या तळाला आपल्या फर्मचं स्टिकर तसंच ठेवलं होतं. ‘नाव नको, सही नको, खूण नको, फक्त नंबर. मराठीत लिहिलंय, इंग्रजीत लिहिलंय,’ सर वरून गरजले, ‘आता काय तुझ्या टाळक्यात कोरून लिहू?’ तो बिचारा तुकडे गोळा करून निघून गेला. मी नोकरी मागायला आले होते. ती मला लगेच मिळाली, कारण मी पळून गेले नव्हते.

रघुनाथ घारे मूळचे राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका खेड्यातले. वडील तालमीतले, त्यामुळे मान वडिलांची आणि डोकं कुणाचं ते देवाला ठाऊक. ऑफिस आकुर्डीत, टायरच्या दुकानावर. भिंतीला एक खोल खळगा होता, तो स्टेपलरचा. टेबलाच्या काचेला चीर होती, ती एका महापालिकेच्या अधिकाऱ्याशी फोनवर बोलताना पडलेली. एरवी सर शुद्ध पुणेरी बोलायचे, पण राग चढायला लागला की आधी ‘नाही’चं ‘न्हाई’ व्हायचं, मग ‘आहे’चं ‘हाय’. ‘हाय’ ऐकू आलं की आम्ही टेबलावरचे कप उचलून घ्यायचो. हे मी कौतुकाने सांगत नाही. मारकुटा माणूस आतून थोर असतो, असं काही मला म्हणायचं नाही. मी त्यांच्यावर कितीदा तरी मनापासून चिडले आहे.

स्वतः इमारती बांधणं त्यांनी कधीच सोडलं होतं. ते दुसऱ्यांच्या स्पर्धा चालवायचे. एखाद्या संस्थेला शाळा, सभागृह, वाचनालय बांधायचं असेल आणि ओळखीच्याच आर्किटेक्टला काम न देता अनेकांकडून आराखडे मागवायचे असतील, तर मध्ये एक तिऱ्हाईत लागतो. काय बांधायचं आहे ते त्याने नेमकं लिहायचं, परीक्षक निवडायचे, स्पर्धकांच्या शंका घ्यायच्या आणि एकाला दिलेलं उत्तर सगळ्यांना पाठवायचं. मुख्य म्हणजे नावं बंद पाकिटात ठेवून परीक्षकांसमोर फक्त नंबर ठेवायचे. निकालावर सह्या झाल्या की मगच पाकिटं फुटतात. हा तिऱ्हाईत म्हणजे घारे सर. कुणी ओळखीने फोन करून ‘सर, खासगीत एक विचारायचं होतं,’ म्हणालं की फोन आपटला जायचा आणि दुसऱ्या दिवशी तो प्रश्न उत्तरासकट सगळ्या स्पर्धकांच्या हातात असायचा.

आकुर्डीच्या एका कॉलेजात ते दर वर्षी यावर व्याख्यान द्यायचे. पुस्तकात स्पर्धांचे प्रकार रुक्षपणे दिलेले असतात, सरांचं वर्गीकरण मारामारीचं होतं. ‘खुली स्पर्धा म्हणजे आठवडी बाजारातली हाणामारी. कुणीही यावं, एक ठोसा लगावून जावं. निमंत्रितांची स्पर्धा म्हणजे लग्नातलं भांडण. सगळे एकमेकांना ओळखतात, मारतात जपून, आणि जेवून जातात. कल्पनांची स्पर्धा असते, तिच्यात काही बांधायचंच नसतं. ती म्हणजे आरशासमोर दंड थोपटणं, तब्येतीला बरं. आणि दोन टप्प्यांची म्हणजे जत्रेतली कुस्ती. आधी सगळ्या गावाला मातीत उतरू द्यायचं, त्यातले चार-पाच ठेवायचे, आणि मग निकाली.’ पोरं हसायची. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘सर, आणि तुम्ही कोण? पंच?’ सर म्हणाले, ‘मी आखाड्याचं दार. आत येणाऱ्याचं नाव बाहेर काढून ठेवतो.’

काळेवाडीतल्या एका बिल्डरने त्यांना एकदा बोलावलं. क्लबहाऊससाठी स्पर्धा घ्यायची म्हणाला. सरांनी चार प्रश्न विचारले तेव्हा कळलं की बांधणारा मेव्हणा आधीच ठरलेला आहे, स्पर्धा फक्त लोकांच्या डोक्यातलं फुकट काढून घेण्यासाठी. ‘बक्षीस देऊ ना सर, एखादा मोमेंटो,’ बिल्डर म्हणाला. सरांनी त्याच्या टेबलावरचा कुठलासा काचेचा मोमेंटो उचलला, हातात तोलला आणि त्याच्याच फिश टँकवर मारला. ऑफिसभर पाणी, गालिच्यावर तडफडणारे मासे, आणि सर गुडघ्यावर बसून ते मासे पाण्याच्या जगमध्ये भरताहेत. मीही भरत होते. ‘यांची काय चूक,’ सर पुटपुटत होते. पोलीस ठाण्यात आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो.

पण सरांना सगळ्यात महाग पडली ती दुसरीच मारामारी. शिरीष म्हणून त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र होता. मोठा आर्किटेक्ट, आणि चित्र काढावं तर त्यानेच. त्याच्या प्रत्येक नकाशात कुठल्या तरी झाडाला एक झोका टांगलेला असायचा, आणि धंद्यातल्या सगळ्यांना तो ठाऊक होता. एका वाचनालयाच्या स्पर्धेत एका कागदावर झोका निघाला. सरांनी तो कागद बाद केला. तासाभरात शिरीष हजर. दोन साठीचे म्हातारे पार्किंगमध्ये एकमेकांच्या कॉलरला धरून उभे राहिले. शिरीष म्हणत होता, ‘रघ्या, झाड काढायचं नाही का मी?’ आणि सर म्हणत होते, ‘झाड काढ. झोका काढू नको.’ मग कुणी आधी मारलं ते मला दिसलं नाही. शिरीषचा दात पडला आणि सरांची भुवई फुटली. त्यानंतर ते दोघं कधी बोलले नाहीत. टेबलाच्या चिरलेल्या काचेखाली मात्र झोक्याच्या झाडाचं एक जुनं चित्र शेवटपर्यंत होतं.

त्या दिवशी त्यांच्या भुवईला कापूस लावताना मी भांडलेच. म्हटलं, झोका तर झोका, एवढं काय बिघडलं होतं? ते म्हणाले, ‘नंदा, नाव दिसलं की माझा हात उठतो. आवडत्याचं असलं तर पाठीवर थोपटायला, नावडत्याचं असलं तर मारायला. मधे थांबतच नाही तो. म्हणून मला नाव नको असतं. नियम बाकीच्यांसाठी असतील, मला ते माझ्यासाठी लागतात.’ मला त्या माणसाचा राग यायचा तो त्या दिवसापासून जरा कमी झाला.

मग दवाखान्याची स्पर्धा आली.

चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं जातात. पत्रा आत सरकवायचा, हात मागे घ्यायचा, आणि ओव्हरटाइमच्या झोपेत एखाद्या वेळी हात मागे येत नाही. तुटलेलं बोट रुमालात बांधून टेम्पोतून पुण्याकडे निघायचं, आणि ट्रॅफिकमध्ये ते बोट मरून जायचं. अशी बोटं गमावलेल्या कामगारांनी एक ट्रस्ट काढला होता, फक्त हातांच्या दवाखान्यासाठी. अध्यक्ष शेवाळे काका, मूळचे बीडकडचे, निवृत्त प्रेस ऑपरेटर, डाव्या हाताला दोनच बोटं. देणग्या जमल्या, जमीन मिळाली, आणि काकांनी सरांना सांगितलं, ‘वशिल्याचं नको. सगळ्यात चांगलं पायजे.’ सरांनी दोन टप्प्यांची खुली स्पर्धा लावली. पहिल्या टप्प्यातून थोडे निवडले गेले. त्यांनी दुसऱ्या टप्प्याला मोठे नकाशे पाठवले आणि सोबत मॉडेलं. नावांची पाकिटं सरांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, एक किल्ली स्वतःकडे, दुसरी शेवाळे काकांकडे.

त्या भागात अण्णा म्हणून एक प्रस्थ होतं. कंपन्यांचं भंगार उचलायची कंत्राटं, पाण्याचे टँकर, जमिनी, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांचा पुतण्या ऋषिकेश आर्किटेक्ट होता आणि दुसऱ्या टप्प्यात पोचला होता. हे त्याने घरी जेवताना सहज सांगितलं असावं. अण्णांना एवढंच कळलं की पोराचं काम अडकलंय आणि ते सोडवायला हवं.

गुरुवार होता, कारखान्यांची सुट्टी, सगळीकडे शांत. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. आकुर्डीच्या भाड्याच्या हॉलमध्ये सर आणि मी मॉडेलं मांडत होतो. भर दुपारी चौघे आत आले, एकाने शटर खाली ओढलं. पुढचा नम्रच होता. म्हणाला, ‘सर, अण्णांनी नमस्कार सांगितलाय. ऋषीभाऊंचं यातलं कुठलं, तेवढं दाखवा. आम्ही हार घालून जातो.’

‘मला माहीत नाही,’ सर म्हणाले.

‘मजाक नका करू राव. सगळं तुमच्या हातात, अन् तुम्हालाच माहिती नाही?’

‘नाही.’

हे खरं होतं, आणि ते त्या चौघांना पटणं शक्यच नव्हतं. ज्याच्या हातात निकाल आहे त्याने स्वतःहून आपले डोळे बांधून घेतले असतील, हे त्या माणसांच्या जगात बसत नव्हतं. पुढचा दुसऱ्याकडे वळला. ‘भावा, एकेक फोडत जा. ऋषीभाऊंचं आलं की म्हातारा आपोआप ओरडंल.’

त्याच्या हातातली लोखंडी सळई पहिल्या मॉडेलवर पडली. लाकडाच्या पट्ट्यांचं नाजूक काम होतं, त्याचा भुगा झाला. सर ओरडले नाहीत, ते सरळ त्या माणसाच्या अंगावर गेले. मी आयुष्यात तशी मारामारी पाहिलेली नाही आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. त्यांनी एकाचं नाक फोडलं, दुसऱ्याचा कान दातात धरला. मला कुणीतरी भिंतीकडे ढकललं आणि माझं डोकं खांबाला लागलं. मॉडेलं फुटतच होती. प्रत्येक मॉडेलनंतर तो पुढचा थांबून सरांच्या तोंडाकडे बघायचा, आता बोलेल म्हणून. तोंडातून रक्त येत होतं, शब्द येत नव्हता. शेवटचं मॉडेल फुटलं तरी नाव निघालं नाही तेव्हा त्या चौघांचं डोकं फिरलं. दोघांनी सरांचा उजवा हात टेबलावर दाबून धरला, आणि सळई त्या हातावर आली. दोनदा. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

भिंतीवरच्या नकाशांना कुणी हातसुद्धा लावला नाही. कागदाला काही किंमत असते असं त्यांना वाटलंच नसावं.

परीक्षकांना आम्ही कळवलं आणि दोन आठवड्यांनी ते आले. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून सर दारात उभे. परीक्षकांच्या अध्यक्ष पुण्याच्या एक नावाजलेल्या बाई होत्या, सौम्य, पांढऱ्या केसांच्या. त्या म्हणाल्या, घारे, आपण हे रद्द करू या. सरांनी डाव्या हाताने खुर्ची उचलली आणि मॉडेलांच्या ढिगाऱ्यावर घातली. ‘फुटली तर सगळ्यांची फुटली. सगळे सारखेच हायेत. नकाशे बघा.’

परीक्षकांनी नकाशे पाहिले. दिवसभर वाद झाले, पण एका नंबरापाशी सगळे पुन्हा पुन्हा येत होते. त्या दवाखान्यात टेम्पो थेट ऑपरेशनच्या दारापर्यंत जात होता, आणि नावनोंदणीचं टेबल ऑपरेशनच्या पलीकडे होतं. नकाशावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘आधी हात, नाव नंतर.’ शेवाळे काका तो कागद बघत कितीतरी वेळ उभे होते. ‘माझ्या वक्ताला आधी कंपनीचं कार्ड मागितलं होतं,’ एवढंच म्हणाले. संध्याकाळी निकालावर सह्या झाल्या. बँकेतून दुपारीच आणलेली पाकिटं फोडली. मी नाव वाचलं: ऋषिकेश, आणि पुढे अण्णांचं आडनाव.

हल्ला अण्णांच्या माणसांनी केला हे एव्हाना कानोकानी सगळ्यांना कळलं होतं. म्हणजे त्या दिवशी अण्णांच्या माणसांनी अण्णांच्याच पुतण्याचं मॉडेल स्वतःच्या हाताने फोडलं होतं, आणि ते तसंही पहिलंच येणार होतं. मला हसू येईना आणि रडूही येईना.

अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, ‘घारे, दुसऱ्या नंबरला देऊ. लोक म्हणतील दहशतीने जिंकलं. कोणी तुम्हाला दोष देणार नाही.’

शेवाळे काका उठून उभे राहिले. ‘सर, तुमचा हात मोडला त्यांनी. त्याच घरात बक्षीस द्यायचं व्हय?’

मी सरांकडे पाहत होते. नाव आता त्यांच्यासमोर होतं. मान लाल झाली, कपाळावरची शीर फुगली. ते उठून बाहेर गेले. शटरवर लाथा बसायला लागल्या, पत्रा थडाथड वाजत होता, मधूनमधून शिव्या, त्यातल्या काही मला कळल्याही नाहीत. मग थांबलं. सर आत आले, घामाने निथळत, एका पायाने लंगडत.

‘हात माझा मोडला,’ ते म्हणाले. ‘नकाशा दवाखान्याचा हाय. सह्या झाल्यात. जाहीर करा.’

जाहीर झालं, आणि ज्या संध्याकाळी झालं त्याच संध्याकाळी ते माझ्यासोबत पोलीस ठाण्यात गेले. निकालाआधी कुठल्याच स्पर्धकाचं नाव निघू नये म्हणून हल्ल्याच्या दिवशीच्या तक्रारीत त्यांनी अनोळखी चौघे एवढंच लिहिलं होतं. आता त्यांनी अण्णांचं नाव घालायला लावलं आणि डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. पण ते कुणाला सांगत बसायचं? गावभर एकच बोलणं झालं, म्हातारा घाबरला. ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्यभर दार अडवून धरलं ते आर्किटेक्टही तेच बोलायचे. पुढची दोन कामं हातची गेली. सर ऑफिसात येऊन झोक्याच्या झाडाकडे बघत बसायचे. मला त्या लोकांना बदडून काढावंसं वाटायचं. सरांचं वळण मला लागलं होतं म्हणायचं.

ऋषिकेश आठवड्याने आला. तिशीचा, उंच, घाबरलेला. दारातच म्हणाला, ‘सर, मला यातलं काही माहीत नव्हतं. मी बक्षीस परत करतोय. मला हे काम नको.’

सर उठले, त्याच्याजवळ गेले आणि डाव्या हाताने त्याच्या कानशिलात लगावली. जोरात लागली असावी, पोराचा चष्मा माझ्या टेबलाखाली गेला.

‘नको? तुला विचारलंय कोणी? जिंकला तो नंबर. तो तू होतास हा योगायोग. आता बांधावं मात्र तुला लागंल, तुझ्या नावानं. नाव बाहेर आलंय, ते लपवता येणार न्हाई.’ मग म्हणाले, ‘ते नावनोंदणीचं टेबल मागं टाकायचं कसं सुचलं?’

ऋषिकेश चष्मा शोधत खाली बसला होता. तिथूनच म्हणाला, ‘अण्णाकाकांच्या भंगाराच्या यार्डात एकाचा पंजा गेला होता. मी घेऊन गेलो त्याला. काउंटरवर त्याचं नाव लिहीत होते आणि रक्त माझ्या बुटात जात होतं.’

सरांनी त्याला पाणी दिलं. त्याच आठवड्यात ऋषिकेशने पोलिसांना जबाब दिला, चौघांची नावं सांगितली आणि घर सोडलं. काळेवाडीत खोली घेऊन राहिला. चौघे जामिनावर सुटले, खटला अजून चालू आहे, आणि अण्णा बाहेरच आहेत. दवाखाना मात्र उभा राहिला. सर दर आठवड्याला साइटवर जाऊन ऋषिकेशशी कडाक्याचं भांडायचे. एकदा त्यांनी वाकडी रचलेली विटांची भिंत लाथेने पाडली.

सर गेले ते दवाखाना सुरू झाल्यावर काही महिन्यांनी, झोपेत. त्यांच्यासारख्या माणसाला इतकं शांत मरण यावं याचं मला अजून नवल वाटतं.

त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्याच दवाखान्यात. मोडलेल्या हाताच्या व्यायामासाठी ते जायचे, मी गाडीने सोडायचे. तातडीचे पेशंट थेट आत जात, बाकीचे व्हरांड्यात नंबर घेऊन बसत. सर रबरी चेंडू दाबायचा प्रयत्न करत होते आणि तो पुन्हा पुन्हा निसटत होता. शेजारी बोटांना पट्ट्या बांधलेला एक तरुण ऑपरेटर होता. त्याचा नंबर पुकारला आणि तो उठला. तेवढ्यात गळ्यात जाड साखळी, अंगठा सुजलेला एक माणूस त्याला कोपराने बाजूला सारून टेबलापाशी आला.

‘अण्णांचा माणूस हाय. आधी घ्या.’

टेबलावरच्या मुलीचं पेन थांबलं. ऑपरेटर पुन्हा बाकावर बसला. सरांनी चेंडू माझ्या हातात दिला आणि उठून त्या माणसासमोर उभे राहिले.

‘नंबर किती तुझा?’

‘आजोबा, तुम्ही बसा. मी अण्णांचा...’

‘नाव न्हाई इचारलं. नंबर किती?’

तो माणूस हसला. सरांनी उजवा हात वर घेतला. त्या हाताची मूठ आता वळत नव्हती. थप्पड मात्र बसत होती.